एकाच वळूच्या कांड्या, तरी गायी उलटतात : दोष गोठवण्यात आहे की वितळवण्यात?

प्रवराकाठ :

सर्व जाणकारांना नमस्कार. संगमनेर तालुक्यात माझा ११ संकरित होल्स्टीन गायींचा गोठा आहे. गेल्या दिवाळीनंतर मी एकाच वळूच्या, एकाच तारखेची छपाई असलेल्या कांड्यांनी (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्यांनी) ६ गायी भरवून घेतल्या, म्हणजे त्यांचे कृत्रिम रेतन करून घेतले. पहिल्या दोन गायी पहिल्याच रेतनात गाभण राहिल्या आणि त्यानंतरच्या चारही उलटल्या, म्हणजे एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माजावर आल्या. चारही गायींचा सोट (माजाच्या वेळी गळणारा चिकट स्राव) स्वच्छ व काचेसारखा होता, आणि पशुवैद्यकांनी हात घालून तपासल्यावर गर्भाशयात दोष नसल्याचे सांगितले.

म्हणून माझे लक्ष कांडीकडे वळले. रेतन करणारे गृहस्थ मनाने चांगले आहेत आणि वेळेवर येतात, पण त्यांची कांडी वितळवण्याची रीत दर वेळी निराळी असते. कधी ते कोमट पाणी मागतात, कधी कांडी दोन्ही तळहातांत धरून चोळतात, आणि पौषातल्या एका पहाटे तर ती शर्टाच्या खिशात ठेवून गाडीपासून गोठ्यापर्यंत आले. मी विचारले तेव्हा, जो शुक्राणू उणे १९६ अंशांत टिकला त्याला पुढे काही होत नाही, असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का? गोठवताना शुक्राणूचे नेमके काय बिघडते, वितळवण्याच्या पद्धतीने गर्भधारणेवर किती परिणाम होतो, आणि माझ्या चार गायी उलटण्याचे कारण यात सापडेल का, हे कोणी सविस्तर समजावून सांगितले तर मोठे उपकार होतील.

रेतप्रयोगशाळा_निवृत्त :

आपण विचारलेल्या प्रश्नावर माझी सारी नोकरी गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याला मिळालेले उत्तर उलटे आहे. उणे १९६ अंशांत, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये, शुक्राणूला खरोखरच काही होत नाही. तिथे कोणतीही रासायनिक क्रिया पुढे सरकत नाही, आणि कित्येक दशके साठवलेल्या कांड्यांपासूनही वासरे झाली आहेत. धोका आहे तो तिथपर्यंत जाताना आणि तिथून परत येताना. मुक्काम निर्धोक आहे, वाट मात्र दोन्ही वेळा अवघड आहे.

जाण्याच्या वाटेवर पहिला घाला शून्य अंशाच्या पुष्कळ वरच पडतो. शुक्राणूभोवतीचा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा असतो. पातळ तूप गार होताना जसे एकसारखे न थिजता आधी कुठे कुठे दाणे धरते, तसेच या पडद्याचे होते : साधारण १५ ते ५ अंशांच्या दरम्यान त्याचे काही भाग आधी थिजतात, काही नंतर, आणि दोहोंच्या सांध्यांतून आतले क्षार बाहेर व बाहेरचे कॅल्शियम आत जाऊ लागते. यालाच शीताघात म्हणतात. म्हणून वीर्य ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारे रसायन) आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या द्रावणात मिसळतात आणि अगदी सावकाश ४ ते ५ अंशांपर्यंत आणून काही तास तिथेच ठेवतात. बलकातील स्निग्ध प्रथिने पडद्याला सांभाळून घेतात.

दुसरा घाला बर्फाचा. कांडीतले पाणी आधी शुक्राणूच्या बाहेर गोठते. शुद्ध पाण्याचे स्फटिक झाले की उरलेल्या द्रवात क्षार दाट होतात आणि ते शुक्राणूच्या आतले पाणी ओढून घेतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते, तोच हा प्रकार आहे. गोठवण्याचा वेग फार कमी ठेवला तर शुक्राणू या दाट क्षारात जास्त वेळ राहून आक्रसतो, आणि वेग फार वाढवला तर पाणी बाहेर पडण्याआधीच आतच बर्फ होऊन तो फुटतो. मधला मार्ग ग्लिसरॉल या दाट, गोडसर द्रवामुळे शक्य झाला. इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना १९४९ मध्ये त्याचा हा गुण दाखवला, आणि १९५१ मध्ये गोठित वीर्यापासून झालेल्या पहिल्या वासराची नोंद झाली. सर्वाधिक हानी साधारण उणे १५ ते उणे ६० अंशांच्या टप्प्यात होते, हे आपण लक्षात ठेवावे, कारण वितळवताना हाच टप्पा पुन्हा ओलांडावा लागतो.

इतकी काळजी घेऊनही जवळजवळ निम्मे शुक्राणू या प्रवासात निकामी होतात. हे नुकसान आधीच हिशेबात धरलेले असते. केंद्र सरकारच्या किमान मानकांनुसार ०.२५ मिलिलिटरच्या कांडीत २ कोटी शुक्राणू भरतात आणि वितळवल्यावर त्यांतील किमान ५० टक्के पुढे धावणारे असले पाहिजेत. तसे नसतील तर ती तुकडी प्रयोगशाळेतच बाद होते. म्हणजे वापरण्याजोगे सुमारे १ कोटी शुक्राणू घेऊन कांडी आपल्या दारात येते, आणि त्यापुढे होणारे नुकसान मात्र कोणाच्याही हिशेबात धरलेले नसते.

जे शुक्राणू वाचतात तेही ताज्यासारखे उरत नाहीत, आणि माझ्या मते हीच गोष्ट शेतकऱ्यांपर्यंत सर्वांत कमी पोहोचली आहे. ताज्या शुक्राणूला गायीच्या जननमार्गात काही तास घालवावे लागतात, तेव्हा त्याच्या पडद्यात बदल होऊन तो बीजांडात शिरण्यास योग्य बनतो. गोठवण्यात आत शिरलेल्या कॅल्शियममुळे यातला काही बदल आधीच होऊन बसतो. डोक्यावरची टोपी, जिला ॲक्रोसोम म्हणतात आणि जिच्यात बीजांडाचे आवरण भेदणारी विकरे असतात, ती काही शुक्राणूंत वेळेआधी फुटते. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांना मार बसतो आणि घातक ऑक्सिजन कण वाढतात. वितळलेला शुक्राणू त्यामुळे लवकर तयार होतो, तसा लवकर संपतोही. त्याच्या हातात ताज्या शुक्राणूपेक्षा कमी तास असतात. आनुवंशिक द्रव्य मात्र वळूच्या शुक्राणूत फार घट्ट बांधलेले असते आणि गोठवण्याने त्याला तुलनेने थोडी इजा होते.

वळूवळूतही फरक असतो. दोन वळूंचे ताजे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच जोमदार दिसते, पण एकाचे गोठवणे सहन करते आणि दुसऱ्याचे करत नाही. संकरित वळूंत हा अनुभव वारंवार येतो, आणि रेड्याचे वीर्य वळूच्या वीर्याहून नाजूक असते. ऋतूचाही भाग आहे. वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात व पुढे पक्व होण्यास आणखी आठवडा-दीड आठवडा जातो. त्यामुळे उन्हाच्या तडाख्याचा परिणाम त्या दिवसांच्या कांडीत दिसतोच असे नाही, तो पुढच्या काही आठवड्यांच्या कांड्यांत उतरतो. धावणाऱ्या शुक्राणूंची टक्केवारी हे सगळे सांगत नाही. काही उणिवा संख्या वाढवून भरून निघतात, पण बीजांडात शिरूनही गर्भ वाढू न देणारा शुक्राणू कितीही संख्येने घातला तरी उपयोग नसतो.

आता परतीची वाट. वितळताना बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि धोक्याच्या टप्प्यात कांडी जितकी रेंगाळेल तितके ते वाढतात. वेगाने गोठवलेले वेगानेच वितळले पाहिजे. ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, हे प्रमाण त्यासाठी आहे. तळहातात कांडीला चोहोबाजूंनी सारखी उष्णता मिळत नाही, आणि खिशात तर ती फार सावकाश वितळते. काही परदेशी कांड्यांवर खिशात वितळवण्याची सूचना असते, हे मला ठाऊक आहे. पण ती त्यांच्या द्रावणाला व गोठवण्याच्या पद्धतीला धरून दिलेली असते, आपल्या कांड्यांना लागू करू नये. शिवाय पौषातल्या पहाटे वितळलेली कांडी गार हवेत फिरवली किंवा गारठलेल्या गनमध्ये (कांडी बसवून वीर्य आत सोडण्याच्या नळीत) भरली की त्या शुक्राणूंना दुसऱ्यांदा शीताघात बसतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या गोठ्यावर एका रेतनामागे गर्भधारणेचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास धरले जाते. ६ पैकी २ हा आकडा त्याच घरातला आहे, त्यामुळे एवढ्यावरून कांडी सदोष होती असे ठरवता येत नाही. मात्र पहिल्या दोन राहिल्या आणि नंतरच्या चारही उलटल्या हा क्रम विचार करण्याजोगा आहे. कांड्या एकाच तुकडीतल्या होत्या, तेव्हा मधल्या काळात त्या कशा ठेवल्या होत्या याची चौकशी करावी.

पशुपर्यवेक्षक_फलटण :

सरांनी शास्त्र सांगितले आहे, मी कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवण्याच्या कंटेनरबद्दल सांगतो, कारण माझ्या १९ वर्षांच्या अनुभवात वितळवण्याहून अधिक कांड्या कंटेनरच्या तोंडाशी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफ या सेवाभावी संस्थेने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले, आणि आज सरकारी व खासगी सेवाही त्याच वाटेने चालतात. गाय दवाखान्यात नेण्याचे कष्ट वाचले, पण कंटेनर मोटरसायकलवर आला आणि दिवसातून आठ-दहा वेळा उघडू लागला. कंटेनरच्या तळाशी उणे १९६ अंश असतात, तर तोंडापाशी तापमान बाहेरच्या हवेच्या जवळ पोहोचलेले असते. कांड्यांचा डबा तोंडाच्या वर काढून, उन्हात धरून, वळूचा क्रमांक वाचत बसणारे मी पाहिले आहेत. ०.२५ मिलिलिटरची कांडी इतकी बारीक असते की काही सेकंदांतच तिचे तापमान उणे १३० अंशांच्या वर जाऊन आत स्फटिक पुन्हा वाढू लागतात. ती पुन्हा नायट्रोजनमध्ये बुडवली म्हणून झालेली हानी भरून येत नाही, आणि दर खेपेस ती वाढत जाते. ज्या कांडीसाठी डबा उचलला तिचे त्या दिवशी फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्याच डब्यात मागे राहिलेल्या कांड्यांचे. तुमच्या पहिल्या दोन आणि नंतरच्या चार गायींत हाच फरक असू शकतो.

डबा गळ्याच्या आतच ठेवावा, कांडी चिमट्याने काढावी, आणि सात-आठ सेकंदांत सापडली नाही तर डबा खाली सोडून थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. कोणत्या डब्यात कोणता वळू आहे हे कंटेनरला बांधलेल्या कागदावर लिहून ठेवले की शोधत बसावे लागत नाही. नायट्रोजन दर आठवड्याला लाकडी पट्टीने मोजावा. गळ्याभोवती बाहेरून पांढरे दव धरू लागले तर आतली निर्वात पोकळी गेली असे समजून त्याच दिवशी कांड्या दुसरीकडे हलवाव्यात.

वितळवल्यावर कांडी कोरडी पुसणे फार महत्त्वाचे आहे, कारण साध्या पाण्याचा एक थेंब वीर्यात मिसळला तरी त्यातले शुक्राणू पाणी शोषून फुगतात व मरतात. हवेचा बुडबुडा वरच्या टोकाला आणून कांडी सरळ कापावी, गन हातावर घासून कोमट करावी, आणि वितळवल्यापासून १० ते १५ मिनिटांत वीर्य गर्भाशयाच्या मुखापलीकडे, गर्भाशयाच्या आखूड शरीरातच सोडावे. दोन गायी माजावर असतील तर दोन्ही कांड्या एकदम वितळवू नयेत.

आता शेतकऱ्याच्या बाजूचेही एक सांगतो, आणि ते तुम्ही मनावर घ्यावे. वितळलेल्या शुक्राणूकडे कमी तास असतात असे सरांनी लिहिले आहे. गायीचे बीजांड माज संपल्यानंतर साधारण १० ते १२ तासांनी सुटते आणि तेही मोजकेच तास टिकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे, हा नियम त्यासाठी आहे. पण आम्हाला फोन येतो तो दूध डेअरीला घालून झाल्यावर, आणि माज कधी सुरू झाला असे विचारले तर 'काल कधीतरी' असे उत्तर मिळते. फार लवकर भरवली तर बीजांड सुटेपर्यंत शुक्राणू संपलेले असतात, आणि उशीर झाला तर बीजांड शिळे झालेले असते. कांडी कितीही उत्तम असली तरी ही चूक ती भरून काढू शकत नाही.

मिरज_म्हैसपालक :

माझ्याकडे ७ मुऱ्हा म्हशी आहेत. उन्हाळ्यात मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा) असल्यामुळे वेळ साधणे फार कठीण जाते, म्हणून एकही कांडी वाया जाऊ नये असे मला वाटते. गेल्या वर्षी मी रुंद तोंडाचा एक थर्मास आणि साधा काचेचा तापमापक आणून गोठ्यातच ठेवला. रेतन करणारे दादा येण्याआधी मी ३७ अंशांचे पाणी तयार ठेवते आणि घड्याळ त्यांच्या समोर धरते. सुरुवातीला त्यांना ते आवडले नाही, पण दोन-तीन खेपांनंतर तेच स्वतः पाण्याचे तापमान विचारू लागले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी माज दिसल्याची वेळ, रेतनाची वेळ, कांडीवरचा वळूचा क्रमांक व तारीख लिहिते, आणि रिकामी कांडी एका डबीत जपून ठेवते. पूर्वी म्हैस उलटली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवत असत. आता निदान काय घडले ते डॉक्टरांना दाखवता येते.

प्रवराकाठ :

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे थर्मास व तापमापक आणला आहे. रेतन करणाऱ्या गृहस्थांशीही मी शांतपणे बोललो. त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की माझ्या तिसऱ्या गायीच्या आधी नायट्रोजनची गाडी उशिरा आली होती आणि पट्टी घातल्यावर तळाशी जेमतेम दोन बोटे नायट्रोजन निघाला होता. त्याच तुकडीच्या ५ कांड्या अजून त्यांच्याकडे आहेत. त्या वापराव्यात की टाकून द्याव्यात? आणखी एक विचारायचे आहे. कालवडीच होण्यासाठी लिंगनिर्धारित कांडी वापरण्याचा माझा विचार होता; तिलाही हेच नियम लागू होतात का?

रेतप्रयोगशाळा_निवृत्त :

त्या गृहस्थांनी खरे सांगितले याचे मला फार समाधान वाटले, कारण बहुतेक वेळा ही माहिती बाहेर येतच नाही.

नायट्रोजनची पातळी दोन बोटांवर उतरते तेव्हा कांड्या द्रवात न राहता बहुतांशी त्याच्या वाफेत असतात. कंटेनर बंद राहिला असता तर ती वाफही पुरेशी थंड असते, पण रोज उघडणाऱ्या कंटेनरमध्ये कांड्यांची वरची टोके दर वेळी तापतात. बिघडलेली कांडी बाहेरून चांगल्या कांडीसारखीच दिसते, त्यामुळे हातात घेऊन निर्णय करता येत नाही. आपल्या ५ पैकी १ कांडी बळी द्यावी. जवळच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात किंवा रेतप्रयोगशाळेत ती नायट्रोजनमध्येच न्यावी, ३७ अंशांवर ३० सेकंद वितळवून कोमट काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती करावी, आणि शक्य असेल तर तीच ३७ अंशांवर तासभर ठेवून पुन्हा पाहायला सांगावे. सुरुवातीला निम्मे शुक्राणू धावत असतील आणि तासाभरानंतरही बरेचसे धावताना दिसत असतील, तर उरलेल्या चार वापरण्यास हरकत नाही. सुरुवातीला ठीक दिसून तासाभरात सगळे थंडावत असतील, तर पडद्याला इजा झाली आहे असे समजून त्या सोडून द्याव्यात. एका माजामागे आपले २१ दिवस जातात, त्यापुढे चार कांड्यांची किंमत काहीच नाही.

लिंगनिर्धारित कांडीला हे सर्व नियम अधिक कसोशीने लागू होतात. तिच्यातील शुक्राणू रंगद्रव्य, लेझर आणि दाब यांतून एकेक करून निवडलेले असतात आणि त्यानंतर गोठवलेले असतात. एका कांडीत ते साधारण २० ते ४० लाख इतकेच असतात, म्हणजे नेहमीच्या कांडीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नाहीत. मादी वासराची शक्यता सुमारे ९० टक्के असते, पण गर्भधारणेचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी राहते आणि हाताळणीतली चूक खपवून घेण्याइतकी संख्या तिच्यात नसते. म्हणून ती निरोगी, वजन भरलेल्या आणि स्पष्ट माज दाखवणाऱ्या कालवडीसाठी राखून ठेवावी, व रेतन नेहमीपेक्षा थोडे उशिरा, बीजांड सुटण्याच्या अधिक जवळ करावे. ज्या चार गायी उलटल्या आहेत त्यांना आत्ता ती वापरू नये. त्या पुन्हा माजावर येतील तेव्हा नायट्रोजन भरलेल्या कंटेनरमधली साधी कांडी घ्यावी, माज सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी, आणि पुढच्या माजाची वेळ टळून गेल्यावर गर्भधारणा तपासणीसाठी पशुवैद्यकांना बोलवावे. बळी दिलेल्या त्या एका कांडीचा तपासणी-निकाल आला की इथे जरूर लिहा. काचपट्टीवर काय दिसले ते कळल्यावर बाकीच्या चारांबद्दल नेमके सांगता येईल.